खिडकीजवळचं पान

४ ऑगस्ट

चि. भाचीस आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला तुझ्या मोठ्या बाईंनी भाग पाडलं. काल दवाखान्यात रक्त तपासायला गेले होते, तिथे त्या भेटल्या. रांगेत उभ्या उभ्या म्हणाल्या, तुमच्या भाचीने वाचनाचा तास बंद केला, तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नव्हतं. तरी मी 'हो, माहीत आहे' म्हटलं, कारण चारचौघांत घरच्या माणसाची बाजू घ्यायची असते. आता तू घरच्या माणसासारखं खरं उत्तर दे.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू 'हो गं मावशी' म्हणतेस आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू करतेस.

गेल्या वर्षापर्यंत तो वर्ग माझा होता. तिसरी आणि चौथी एका खोलीत, बाई एक. ही काही कुणाची थोर कल्पना नव्हती, शाळेला खोल्या कमी पडत होत्या. पण वाचनाच्या तासाला त्याचा फायदा झाला. एक कादंबरी, प्रत्येकाच्या हातात तिची प्रत, पहिलं पान बाईंनी वाचायचं, आणि मग बाकांच्या क्रमाने प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचायचं. पान संपलं की थांबायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. पुढच्याने तिथून उचलायचं. त्यामुळे कुणी पेंगत नाही. अडलेल्याला शब्द सांगायचा नाही, त्याचा त्याला काढू द्यायचा. हे सगळं चौथीची मुलं तिसरीच्या मुलांना शिकवतात. मला कधी शिकवावं लागलं नाही. आठ-नऊ वर्षांची मुलं दीडशे पानांची गोष्ट एकमेकांच्या आवाजात पुरी करतात, हे मी दरवर्षी पाहिलं आहे आणि तुलाही पाहायचं आहे.

मुलं दंगा करतात म्हणून बंद केला असशील तर आवाज चढवायला शीक. वेळ पुरत नसेल तर चित्रकलेचा तास घे. तिसरं कारण असेल तर कळव.

तुझी मावशी


१० ऑगस्ट

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं की मला अजून मेमो आल्यासारखं वाटतं. आधी गुडघ्यांचं विचारून घेते. कसे आहेत?

दंगा नाही गं मावशी. दंगा असता तर किती बरं झालं असतं.

जूनमध्ये आम्ही कादंबरी सुरू केली. घोड्यावरून टपाल पोचवणाऱ्या बापलेकीची, जिच्यात घोडा म्हातारा होतो ती. वाचन छान चाललं होतं. मग पाळी तिसऱ्या बाकापाशी आली. तिथली खिडकीजवळची जागा रिकामी असते. शेजारच्या मुलाने आपलं पान संपवलं आणि खोली गप्प झाली. मला वाटलं कुणाची पाळी आहे ते विसरले. बघते तर सगळ्यांची डोकी खाली, डोळे ओळींवरून चाललेले. एक अख्खं पान. मग सगळ्यांनी एकदम पान उलटलं आणि मागच्या बाकावरची मुलगी पुढचं पान वाचायला लागली. मधलं पान कुणीच वाचलं नाही.

मी विचारलं, हे काय? वर्गाची मॉनिटर आहे ना, दोन वेण्यांची, ती म्हणाली, "ते तिचं पान आहे, बाई." कुणाचं, ते कुणालाच सांगता येईना. तिचं म्हणजे तिचं.

मी हसण्यावारी नेलं. जुलैत एक नवी मुलगी आली. तिची आई शिवणकामाच्या कारखान्यात लागली म्हणून दोघी या गावात आल्या आहेत. वर्गाने पहिल्याच दिवशी तिचं नाव पाहुणी ठेवलं. मी तिला त्या रिकाम्या जागेवर बसवलं. म्हटलं, जागा भरली की खूळ संपेल.

तिची पाळी आली. ती वाचायला लागली. आवाज बारीक, पण वाचन चांगलं होतं. अर्धं पान झालं असेल, तेवढ्यात वर्गाने पान उलटलं आणि मागच्या मुलीने पुढचं वाचायला सुरुवात केली. तिचं वाचन चालू असतानाच, जणू तिथे कुणी बोलतच नव्हतं. पाहुणी थोडा वेळ वाचत राहिली. मग थांबली. मुलं दुष्ट नाहीत, मावशी. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यात आपल्यातलं घालतात, तिच्या दप्तराची चेन तुटली तर तिघं दुरुस्त करायला धावली. फक्त त्या एका पानापुरती ती त्यांना ऐकू येत नाही.

तीनदा असं झालं आणि मी तास बंद केला. आता तू सांग, ती कोण?

तुझी भाची


१४ ऑगस्ट

चि. भाचीस आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. यात भुताखेताचं काही नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्या जागेवर एक मुलगी बसायची. आवाज जाडाभरडा होता, मुलं तिला घोगरी म्हणायची आणि ती त्या नावाला खुशाल ओ द्यायची. वाचायला सगळ्यांत हळू. पण आपलं पान कुणाला द्यायची नाही. दिवाणखान्यात बसल्यासारखी ऐसपैस वाचायची. कादंबरी निम्मी झाली असताना तिला ताप आला, आणि त्या तापातून ती उठली नाही. वर्ग पुन्हा भरला तेव्हा तिच्या पाळीला मी पुढच्या मुलाला 'तू वाच' म्हटलं. त्याने वाचलं नाही. कुणीच वाचलं नाही. सगळ्यांनी ते पान मनात वाचलं आणि पुढे गेले. मी त्यांना जाऊ दिलं.

पुढच्या वर्षी चौथीतल्यांनी ते तिसरीतल्यांना शिकवलं, जसं बाकीचं शिकवतात तसंच. तेव्हापासून चालू आहे. त्या जागेवर मी कुणाला बसवलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. एखाद्या शाळेत भिंतीवर फोटो लावतात. आमच्या वर्गात एक पान असतं.

चूक तुझी झाली ती त्या जागेवर मुलीला बसवण्याची. तिला उठव, पहिल्या बाकावर बसव, तास उद्यापासून सुरू कर. मुलं सरळ होतील. तुझ्या मनात भलतंसलतं आलं आहे हे तुझ्या अक्षरावरून दिसतं. रात्री वेळेवर झोपत जा.

तुझी मावशी


२९ ऑगस्ट

ती. मावशीस नमस्कार.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पाहुणीला पहिल्या बाकावर बसवलं. खिडकीजवळची जागा रिकामी ठेवली. तास सुरू केला.

पाहुणीची पाळी आली. ती उभी राहिली, पुस्तक धरलं आणि नुसती बघत राहिली. मी कुणाला बोलू दिलं नाही. मग तिच्या मागे माना खाली गेल्या, एकेक करून सगळ्यांच्या. पान वाचून झालं, उलटलं, पुढचा मुलगा वाचायला लागला. पाहुणी खाली बसली. पुढे खिडकीजवळच्या जागेची पाळी आली तेव्हा पुन्हा तेच. आता माझ्या वर्गात दोन गप्प पानं आहेत, मावशी.

मॉनिटरला बाजूला घेऊन विचारलं की पाहुणीचं पान तुम्ही का सोडलं. ती म्हणाली, सोडलं नाही, तेही तीच वाचते. पाहुणी वाचत नाही ना, म्हणून. मी विचारलं, तुला कसं कळतं? मॉनिटर म्हणाली की ती हळू वाचते, अवघड शब्दाला अडते, आणि आम्ही थांबतो, कारण ती म्हणते, "थांबा, मी काढते."

हे तू मला पत्रात लिहिलं नव्हतंस. मी तुझं पत्र तीनदा वाचून पाहिलं.

आता खरी काळजीची गोष्ट. पाहुणीने शाळेत बोलणं बंद केलं आहे. नुसतं वाचनाच्या तासाला नाही, कधीच नाही. हजेरीला हात वर करते. परवा तिची आई कामावरून तशीच आली, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मला वाटलं भांडेल. ती बाकावर बसली आणि म्हणाली की घरी पण आता खुणा करते हो. नोकरी नवी, रजा मिळत नाही, दिवसभर तिला बघायला कोणी नाही. सप्टेंबरच्या अखेरपर्यंत बोलली नाही तर आजीकडे पाठवून देणार. आजी राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहते, मायलेकींची भेट वर्षातून एकदा होईल. असं सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती.

आणि नेमकं मला पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाला जायचं आहे, तीन आठवडे. मोठ्या बाई म्हणतात बदली शिक्षक मिळत नाही, वर्ग पाचवीबरोबर बसवू. मला काही सुचत नाही.

तुझी भाची


१ सप्टेंबर

चि. भाचीस.

'मी काढते' हे ती म्हणायची. कुणी शब्द सांगायला गेलं की हात आडवा धरायची आणि म्हणायची. मी हे कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. मुलांनी मुलांना सांगितलं असेल. तसंच असलं पाहिजे.

मोठ्या बाईंशी बोलले आहे. तुझे तीन आठवडे वर्ग मी घेते. पगार नको, खुर्चीला उशी हवी एवढंच सांगितलं. किल्ली शिपायाकडे ठेव. मी तुझी मावशी आहे हे मुलांना सांगू नकोस, लाडात येतील.

पाहुणीच्या आईला निरोप दे की महिनाअखेर अजून लांब आहे.

मावशी


११ सप्टेंबर

ती. मावशीस नमस्कार.

इथे दिवसभर आम्हाला मोठमोठे तक्ते दाखवतात. मुलांचं वाचन कसं मोजायचं, यावर आज चार तास झाले. शेजारची बाई स्वेटर विणते आणि शिकवणाऱ्यांची नजर तिच्यावर पडली की बरोबर मान डोलावते. इथली खाट कुरकुरते, जेवण बरं आहे.

तुझं पत्र नाही. एक ओळ तरी टाक. पाहुणी कशी आहे?

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. समोर बसून सांगता आली नसती, म्हणून इथून लिहिते. तास मी पाहुणीसाठी बंद केला हे खरं, पण पूर्ण खरं नाही. त्या गप्प पानाला मीही मान खाली घालत होते. आधी मुलांबरोबर राहावं म्हणून. मग मला त्या पानाची वाट बघायची सवय लागली. बाकीची पानं वाचली जायची तेव्हा माझं लक्ष नसायचं. ते पान मात्र मला पूर्ण आठवतं, शब्द न् शब्द, आणि कुणाच्या तरी आवाजात आठवतं. तो माझा आवाज नाही. ज्या दिवशी पाहुणी तिसऱ्यांदा त्या जागेवर वाचायला लागली, त्या दिवशी मला तिचा राग आला, मावशी. मध्ये बोलते म्हणून. एका नवख्या पोरीचा राग. त्या दुपारी मी प्रती कपाटात टाकल्या आणि कुलूप लावलं.

मला रागाव, पण उत्तर पाठव.

तुझी भाची


२३ सप्टेंबर

चि. भाचीस आशीर्वाद.

उत्तर पाठवलं नाही कारण पाठवण्यासारखं काही झालं नव्हतं. आता झालं आहे. क्रमाने सांगते.

पहिला आठवडा मी वाचनाचा तास घेतला नाही. गणित घेतलं आणि मुलं बघितली. वर्ग चांगला ठेवला आहेस. खिडकीशेजारचा मुलगा नखं खातो, त्याच्याकडे लक्ष दे. पाहुणीला सगळं येतं. फळ्यावर लिहायला सांगितलं की लिहिते, मणी मोजते तशी नेमकी. तोंड मात्र बंद. मधल्या सुट्टीत मुलं तिच्याशी बोलतात, तिच्या वतीने उत्तरंही मुलंच देतात, आणि ती मान हलवते. मी हे पाहून आत आले आणि माझ्या मनात आलं की ही मुलं हिला सांभाळताहेत, जसं त्यांनी त्या घोगरीला सांभाळलं. त्यांना दोघींत फरक करायचं कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या सोमवारी कादंबरी काढली. वाचन बाकांवरून चालू दिलं, आणि मी स्वतः जाऊन खिडकीजवळच्या जागेवर बसले. गुडघे बाकाखाली मावत नव्हते. पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि वाचायला लागले. तू माझा आवाज ओळखतेस. शाळेच्या फाटकापर्यंत जातो.

मुलांनी माना खाली घातल्या. पाचव्या-सहाव्या ओळीला मला जाणवलं की माझं वाचन त्यांच्या कानावर पडत नाही. हातवारे नाहीत, कुजबूज नाही, एकही चुकार नजर वर आली नाही. पान उलटलं गेलं आणि मागच्या मुलीने माझं वाचन चालू असतानाच पुढचं पान सुरू केलं. आयुष्यभरात त्या खोलीत मला कुणी मध्ये तोडलं नव्हतं. मी जिद्दीने वाचत राहिले. आणि तेव्हा मला कळलं की पाहुणी का थांबली. दहाएक ओळी कुणी ऐकत नाही म्हटल्यावर आपलाच आवाज आपल्याला खोटा वाटायला लागतो. मी पान अर्धं टाकून खाली बसले. हे तुझ्यापाशीच ठेव.

तास संपल्यावर मी सरळ विचारलं. रागावले नाही. म्हटलं, मी वाचत होते, तुम्ही ऐकलं नाहीत. असं का?  मग मॉनिटर उभी राहिली. माझ्या नजरेला नजर देऊन, जरा कीव आल्यासारखी म्हणाली, "बाई, दोघी एकदम वाचायला लागल्या तर आम्ही कुणाचं ऐकायचं? ती आधीपासून वाचते."

मी पुस्तक मिटलं आणि वर्ग सोडला. 

त्या रात्री मी विचार केला तो एवढाच. मी ते पान बंद करू शकले असते. सगळ्या वर्गाला एका सुरात वाचायला लावलं असतं, तर मुलांनी ऐकलं असतं, मला घाबरतात. पण त्याने पाहुणी बोलली नसती. तिला फक्त एवढं कळलं असतं की बोलण्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी गप्प करावं लागतं. तिला बाकांच्या रांगेत जागा नव्हती. मग रांगेबाहेर बघायला हवं होतं.

आमच्या खोलीत तासाचं पहिलं पान बाई वाचतात. ते बाकांच्या क्रमात नाही. ते कुणाच्या पाळीत येत नाही, कुणी ते सोडलेलं नाही, कुणी त्यावर बसलेलं नाही. ते माझं होतं, तू आल्यावर तुझं झालं. तुला न विचारता मी ते दिलं.

बुधवारी पाहुणीला टेबलाशी बोलावलं, माझी प्रत तिच्या हातात दिली आणि मी तिच्या बाकावर जाऊन बसले. मुलांना सांगितलं की आजपासून सुरुवात ही करेल. पाहुणी उभी राहिली. वर्ग तिच्याकडे बघत होता. माना वर होत्या, हे मी पाहिलं, आणि तिनेही पाहिलं.  बाहेर शिपाई बादली ओढत गेला, परत आला. मी तिला एक शब्द सांगितला नाही. सांगावासा फार वाटला.

मग तिने वाचलं.

आवाज बारीक होता असं तू लिहिलं होतंस. मी ऐकला तो जाडाभरडा होता, खरखरीत, शब्दाशब्दाला अडणारा. इतके दिवस न वापरलेला घसा असाच लागणार. मी स्वतःला हे बजावलं आणि तुलाही बजावते आहे. पण मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मॉनिटरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसत होती. पानाच्या शेवटी शेवटी आवाज मोकळा झाला. तो बारीकच आहे. ती पान संपवून अर्ध्या वाक्यावर थांबली आणि पहिल्या बाकावरच्या मुलाने तिथून उचललं. तिने थांबून ऐकलं की तिचं वाक्य कोणी पुरं करतं का. केलं.

पुढे खिडकीजवळच्या जागेची पाळी आली. खोली गप्प झाली. पाहुणी टेबलाशी उभी होती, तिनेही मान खाली घातली. मीही घातली. ते पान मी वाचलं. कुणाच्या आवाजात, ते तू मला विचारायचं नाहीस, आणि मी तुला विचारणार नाही. तुझ्या पत्रातल्या रागाबद्दल एवढंच म्हणते की पुन्हा येईल. आला की जिवंत मुलीकडे बघ.

गप्प पान एकच झालं. पहिल्या बाकावरचं दुसरं संपलं, कारण पाहुणीच्या जागेला आता पाळीच नाही.

गुरुवारी तिने हजेरीला 'हजर' म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटताना मॉनिटरशी भांडली, खोडरबरावरून, मोठ्याने. मी सोडवायला गेले नाही. ते चालू असतानाच तिची आई दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही, व्हरांड्यातच उभी राहून आतलं भांडण ऐकत होती. मग म्हणाली की आजीला कळवते, येत नाही म्हणून. आणि डोळे पुसायला काही सापडेना म्हणून खांद्याला चिकटलेले दोरे काढत राहिली.

तू सोमवारी येशील. मी वर्गात थांबणार नाही, निरोपाची भाषणं मला आवडत नाहीत. शिपायासमोर खालील गोष्टी तुझ्याकडे सोपवल्या असं समज. वाचून सही कर आणि हा कागद मोठ्या बाईंकडे दे.

वर्गाची किल्ली, शिपायाकडे.

हजेरीपट, आजपर्यंत भरलेला. पाहुणीच्या नावापुढचे शेवटचे दिवस तिने तोंडाने दिलेले आहेत.

कादंबरीच्या प्रती, कपाटात, वरच्या कप्प्यात. एकीचं मुखपृष्ठ सुटलं आहे, चिकटवायचं राहिलं. कपाटाला कुलूप लावू नये.

बाईंची प्रत, पाहुणीकडे. परत मागू नये.

खिडकीजवळच्या जागेची प्रत बाकावर ठेवली आहे. ती तिथेच राहील.

तुझी मावशी